औषधे जगभर, नाव पडद्याआड : येल्लाप्रगडा सुब्बाराव

नवी दिल्ली : देशातील कोणत्याही मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या बालविभागात पिवळ्या रंगाचे एक औषध नेहमी वापरात असते. मेथोट्रेक्सेट हे त्याचे नाव. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांच्या उपचारात ते अनेक दशके टिकून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याचा समावेश आहे. हे औषध ज्या संशोधनातून निर्माण झाले, त्या संशोधनाचे नेतृत्व आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेल्या एका भारतीयाने केले होते. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची जयंती १२ जानेवारी रोजी असते. त्या निमित्ताने त्यांच्या जीवनकार्याकडे पाहताना एक विसंगती ठळकपणे नजरेत भरते. सुब्बाराव यांचा एक शोधनिबंध जीवरसायनशास्त्राच्या इतिहासात सर्वाधिक वेळा संदर्भ दिल्या गेलेल्या निबंधांत गणला जातो. मात्र ज्या कामामुळे रक्ताच्या कर्करोगावर औषधोपचार शक्य आहे हे जगाला कळले, ते काम जाहीर करणाऱ्या निबंधाच्या लेखकांमध्ये त्यांचे नाव नाही.

भीमावरम ते मद्रास

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तत्कालीन मद्रास इलाख्यातील गोदावरी खोऱ्यात झाला. वडील जगन्नाथम महसूल खात्यात नोकरीला होते. आजारपणामुळे त्यांना लवकर निवृत्त व्हावे लागले आणि सात भावंडांच्या कुटुंबाची ओढाताण सुरू झाली. आई वेंकम्मा यांनी दागिने विकून मुलाच्या शिक्षणाची तजवीज केली, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. मुलाचे मन मात्र शाळेत नव्हते. वयाच्या तेराव्या वर्षी वाराणसीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकण्याच्या इराद्याने तो घरातून निघून गेला आणि त्याला परत आणावे लागले. मॅट्रिकची परीक्षाही तो तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकत असताना सुब्बाराव रामकृष्ण मिशनकडे ओढले गेले आणि त्यांनी संन्यास घेण्याचे ठरवले. आईने परवानगी नाकारल्यावर त्यांनी मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तो काळ असहकार आणि परदेशी मालावरील बहिष्काराचा होता. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा अंगरखा घालून जाऊ लागले. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांना हे रुचले नाही. लेखी परीक्षेत चांगली कामगिरी करूनही सुब्बाराव यांना पूर्ण एमबीबीएस पदवीऐवजी एलएमएस हे दुय्यम प्रमाणपत्र मिळाले. सरकारी वैद्यकीय सेवेचे दरवाजे त्यांना बंद झाले. मद्रासमधील आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्याची नोकरी त्यांनी पत्करली.

याच वर्षांत घरावर मोठा आघात झाला. थोरले बंधू पुरुषोत्तम आणि धाकटे कृष्णमूर्ती हे दोघेही काही दिवसांच्या अंतराने संग्रहणीने दगावले. अन्नातील पोषक घटक आतड्यात शोषले न जाणे आणि त्यातून रक्तक्षय होणे हे या विकाराचे लक्षण. त्यावर तेव्हा खात्रीचा उपाय नव्हता. वैद्यकीय संशोधनासाठी परदेशी जाण्याचा सुब्बाराव यांचा निश्चय या दुःखानंतर पक्का झाला. काकीनाडा येथील मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेने आणि सासरे कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी प्रवासखर्चाला हातभार लावला. पत्नी शेषगिरी यांना मागे ठेवून ते काही वर्षांसाठी म्हणून निघाले. पुढे ते भारतात कधीच परतले नाहीत.

एका निळ्या रंगाची किमया

१९२० च्या दशकाच्या प्रारंभी सुब्बाराव बोस्टनला पोहोचले. हार्वर्ड विद्यापीठात उष्णकटिबंधीय वैद्यकाचा अभ्यासक्रम सुरू झाला, पण शिष्यवृत्ती नव्हती. उदरनिर्वाहासाठी त्यांनी एका रुग्णालयात रात्रपाळीत साफसफाईची आणि हरकाम्याची कामे केली. पदविका मिळाल्यावर ते हार्वर्डच्याच जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली काम करू लागले.

फिस्के यांनी त्यांच्याकडे सोपवलेला प्रश्न वरकरणी किरकोळ होता. रक्तात व ऊतींमध्ये फॉस्फरस किती आहे हे मोजण्याची जलद आणि विश्वसनीय पद्धत हवी होती. दोघांनी शोधलेल्या पद्धतीत नमुन्यातील फॉस्फेटची मॉलिब्डेटशी क्रिया घडवली जाते आणि नंतर एका क्षपणकारक रसायनाने त्याला निळा रंग आणला जातो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. १९२५ मध्ये जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने ती जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. मुडदूस, मूत्रपिंडाचे विकार आणि परावटू ग्रंथींचे दोष यांच्या निदानाला तिने मदत केली. पुढील अनेक दशके हजारो संशोधकांनी आपल्या निबंधांत तिचा संदर्भ दिला. सुब्बाराव यांचे नाव विज्ञानाच्या नोंदींत सर्वाधिक वेळा आढळते ते या मोजमापाच्या पद्धतीमुळे.

स्नायूंतील ऊर्जेचा शोध

ही पद्धत स्नायूंच्या अर्कावर वापरताना एक विचित्र गोष्ट लक्षात आली. निळा रंग अपेक्षित वेळेत स्थिर न होता हळूहळू गडद होत राहिला. मोजणीच्या आम्लयुक्त द्रावणात फॉस्फरसचे एखादे नाजूक संयुग विघटित होत असावे, असा तर्क दोघांनी केला आणि तो खरा ठरला. १९२७ मध्ये त्यांनी फॉस्फोक्रिएटिन या संयुगाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये फिलिप आणि ग्रेस एगल्टन हे दाम्पत्यही स्वतंत्रपणे याच पदार्थापर्यंत पोहोचले होते. १९२९ मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांनी स्नायूंतून अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी, वेगळे केल्याचे सायन्स नियतकालिकातून जाहीर केले. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी हा शोध प्रसिद्ध केला.

या दोन शोधांचे महत्त्व मोठे होते. स्नायू आकुंचन पावतो तो लॅक्टिक आम्लाच्या निर्मितीमुळे, अशी तोवरची मांडणी होती. स्नायूंतील लॅक्टिक आम्लाविषयीच्या संशोधनाला १९२२ चा नोबेल पुरस्कारही मिळालेला होता. सजीव पेशीच्या व्यवहारात फॉस्फेटयुक्त संयुगे ऊर्जेचे चलन म्हणून वापरली जातात, ही आज शालेय पाठ्यपुस्तकात असलेली समज फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपीच्या शोधांवर उभी राहिली. सुब्बाराव यांना १९३० मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळाली. मात्र शोधांचे श्रेय मुख्यतः फिस्के यांच्याकडे गेले.

याच विभागात घडलेले आणि पुढे १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरलेले जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतरच्या काळात या श्रेयाबद्दल स्पष्टपणे लिहिले. सुब्बाराव यांनी वेगळे केलेले काही न्यूक्लिओटाइड प्रकाशित होऊ शकले नाहीत आणि अनेक वर्षांनी इतरांना ते नव्याने शोधावे लागले, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचे कारण त्यांना फिस्के यांच्या असूयेत दिसले. सुब्बाराव यांनी स्वतः मात्र या प्रकरणी कधी जाहीर तक्रार केली नाही. हार्वर्डने त्यांना कायम अध्यापकाचे पद दिले नाही.

यकृताच्या अर्कातून फॉलिक अॅसिड

१९३० च्या दशकात सुब्बाराव यांचे लक्ष यकृताच्या अर्काकडे वळले. घातक रक्तक्षयाच्या रुग्णांना यकृत खायला दिल्यास ते बरे होतात, हे तोवर सिद्ध झाले होते. त्यातील नेमका गुणकारी घटक कोणता, हे ठाऊक नव्हते. या शोधात त्यांचा संबंध लेडर्ले लॅबोरेटरीज या औषध कंपनीशी आला आणि १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे कंपनीत रुजू झाले. थोड्याच काळात संशोधन विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. विद्यापीठात ज्यांना स्थिर पद मिळाले नव्हते, त्यांच्या हाती आता रसायनशास्त्रज्ञ, जीवाणुशास्त्रज्ञ आणि औषधशास्त्रज्ञ यांचे मोठे पथक होते.

ते ज्याच्या शोधात होते, त्या घटकाची एक बाजू त्याआधी मुंबईत उजेडात आली होती. १९२८ मध्ये भारतात आलेल्या ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांनी मुंबईतील गिरणी कामगार गर्भवती स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिल्यास या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. तो घटक काही काळ विल्स यांच्याच नावाने ओळखला गेला. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात पालकाच्या पानांतून असाच घटक वेगळा करण्यात आला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अॅसिड हे नाव मिळाले.

हे द्रव्य निसर्गात इतके अल्प आढळते की रुग्णांवर वापरण्यासाठी ते प्रयोगशाळेत तयार करण्यावाचून गत्यंतर नव्हते. लेडर्लेच्या पथकाने १९४५ मध्ये ते संश्लेषित केल्याचे जाहीर केले आणि १९४६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. रचना मांडणाऱ्या निबंधावर १६ जणांची नावे आहेत आणि सुब्बाराव त्यांतील एक आहेत. घातक रक्तक्षयावरचा खरा उपाय, जीवनसत्त्व ब-१२, पुढे १९४८ मध्ये इतरांना सापडला. फॉलिक अॅसिड मात्र गर्भवतींच्या रक्तक्षयावर आणि संग्रहणीवर गुणकारी ठरले. ज्या विकाराने सुब्बाराव यांचे दोन भाऊ गेले, त्यावरील औषध त्यांच्याच देखरेखीखालील प्रयोगशाळेतून बाहेर पडले.

घटक आणि त्याचा तोतया

बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ तेव्हा रक्ताच्या कर्करोगाने मरण पावणाऱ्या मुलांकडे हतबलतेने पाहत होते. निदानानंतर बहुतेक मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. फॉलिक अॅसिडच्या वर्गातील संयुगे अशा मुलांना दिल्यावर रोग कमी होण्याऐवजी वेगाने वाढल्यासारखा त्यांना वाटला. या अपयशातच पुढची दिशा होती. कर्कपेशींना वाढीसाठी फॉलिक अॅसिड लागत असेल, तर ते त्यांच्यापासून हिरावून घेणारे द्रव्य रोगाला रोखू शकेल.

असे द्रव्य तयार करण्याची क्षमता सुब्बाराव यांच्या पथकाकडे होती. फॉलिक अॅसिडच्या रेणूत छोटे बदल करून त्याचे हुबेहूब वाटणारे, पण काम बिघडवणारे प्रतिरूप बनवायचे, ही ती कल्पना. पेशी या तोतयाला खरा घटक समजून आत घेते आणि तिचे यंत्र अडकते. फॉलिक अॅसिडचे सक्रिय रूप तयार करणारे विकर बंद पडते, डीएनएसाठी लागणारा थायमिडीन हा घटक बनत नाही आणि पेशीचे विभाजन थांबते. ही प्रक्रिया तपशीलाने नंतर उलगडली. १९४७ मध्ये एवढेच ठाऊक होते की अशी प्रतिद्रव्ये बनवता येतात. लेडर्लेच्या सीगर, स्मिथ आणि हल्टक्विस्ट या रसायनशास्त्रज्ञांनी अॅमिनोप्टेरिन नावाचे संयुग तयार केले. सुब्बाराव यांनी अशी द्रव्ये एकामागून एक फार्बर यांच्याकडे पाठवली आणि १९४७ च्या अखेरीस अॅमिनोप्टेरिनचा वापर सुरू झाला.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या ३ जून १९४८ च्या अंकात फार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल प्रसिद्ध केले. औषध दिलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांमध्ये रोग काही काळ मागे हटला होता. हा दिलासा तात्पुरता होता आणि लेखकांनी शीर्षकातच तसे सांगितले होते. तरीही रक्ताचा कर्करोग एखाद्या रसायनाने मागे रेटता येतो, याचा हा भक्कम पुरावा होता. निबंधावर फार्बर यांच्यासह पाच लेखकांची नावे आहेत. सुब्बाराव त्यांत नाहीत.

यात कोणाचा कपट होता असे म्हणता येत नाही. रुग्णांवर उपचार फार्बर यांनी केले, संयुग रसायनशास्त्रज्ञांनी घडवले आणि रुग्णालयाचा निबंध रुग्णालयातील डॉक्टरांनी लिहिला. लेखनाची तेव्हाची रीत तशीच होती. कोणते रेणू बनवायचे, ते कोणाकडे पाठवायचे आणि त्यांच्या निकालांवरून पुढचा रेणू कोणता घडवायचा, हे ठरवणाऱ्या व्यक्तीसाठी मात्र त्या रीतीत जागा नव्हती. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव यांचे हृदयविकाराने झोपेतच निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते. भारतीयांना अमेरिकी नागरिकत्व नाकारणारा १९२३ चा न्यायालयीन निकाल १९४६ च्या कायद्याने निष्प्रभ झाला होता, तरीही ते अमेरिकेचे नागरिक झाले नाहीत.

कर्करोगापलीकडचे काम

लेडर्लेतील आठ वर्षांत सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली आणखी दोन महत्त्वाची औषधे आकाराला आली. सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डग्गर यांनी मातीतील सूक्ष्मजीवांच्या शोधात ऑरिओमायसिन मिळवले. टेट्रासायक्लिन या वर्गातील हे पहिले प्रतिजैविक. त्याच्याशी डग्गर यांचे नाव कायमचे जोडले गेले आणि ते रास्तच आहे.

दुसरे औषध डायएथिलकार्बामाझिन, म्हणजे डीईसी. हत्तीरोगावरील या औषधाच्या १९४७ च्या निबंधात सुब्बाराव यांचे नाव सहलेखकांमध्ये आहे. भारतातील हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन ज्या गोळ्या खायला देतात, त्यांत डीईसी असते. विदर्भातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत ही मोहीम अनेक वर्षे राबवली गेली आहे. खुद्द सुब्बाराव यांचा गोदावरीचा त्रिभुज प्रदेशही या रोगाने ग्रासलेला होता.

मृत्यूनंतर वाढत गेलेले काम

अॅमिनोप्टेरिनची जागा लवकरच त्याच कुळातील मेथोट्रेक्सेटने घेतली. हे संयुगही लेडर्लेमध्येच तयार झाले होते. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी गर्भवेष्टनाच्या पेशींपासून उद्भवणारा कोरिओकार्सिनोमा हा कर्करोग शरीरभर पसरलेला असतानाही मेथोट्रेक्सेटमुळे मागे हटल्याचे प्रसिद्ध केले. घन गाठीचा कर्करोग केवळ औषधाने बरा होऊ शकतो, हे त्यातून पुढे आले.

मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावरील उपचार याच पायावर उभे राहिले. १९४८ मध्ये तात्पुरता दिलासा देणारे एकच औषध होते. नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत विकसित झाली आणि आज श्रीमंत देशांत या आजाराची सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. उपचाराच्या अखेरच्या, दीर्घकाळ चालणाऱ्या टप्प्यात मेथोट्रेक्सेटसोबत ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध दिले जाते. ते हिचिंग्ज आणि त्यांच्या सहकारी गर्ट्रूड एलियन यांनी घडवले. हार्वर्डच्या एकाच विभागातून बाहेर पडलेल्या दोन संशोधकांच्या कामाचे फलित एकाच मुलाच्या औषधपत्रावर असे एकत्र येते. त्यांतील एकाला नोबेल मिळाले. दुसऱ्याच्या वाट्याला ४० वर्षे आधीच मृत्यू आला.

मोजपट्टीचा प्रश्न

विद्यापीठांत नेमणूक आणि बढतीसाठी आज शोधनिबंधांची संख्या, त्यांना मिळालेले संदर्भ आणि लेखकांच्या यादीतील स्थान यांना गुण दिले जातात. प्रथम लेखक आणि संपर्क लेखक यांना झुकते माप मिळते. या पट्टीने सुब्बाराव यांचे मोजमाप केल्यास फॉस्फरसच्या पद्धतीवरील निबंध त्यांना उच्च स्थानी नेईल. फॉलिक अॅसिडच्या रचनेसाठी त्यांना १६ सहलेखकांतील एकाचे गुण मिळतील. अॅमिनोप्टेरिनने मुलांचे प्राण लांबवले त्या निबंधासाठी एकही गुण मिळणार नाही. प्रकाशित न झालेल्या न्यूक्लिओटाइडच्या कामाची तर नोंदच नाही.

कर्करोग संशोधनाचे स्वरूप तेव्हापासून अधिकच सामूहिक झाले आहे. एका औषधामागे रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, डॉक्टर, परिचारिका, संख्याशास्त्रज्ञ आणि चाचणीत सहभागी होणारे रुग्ण असे शेकडो लोक असतात. अनेक नियतकालिके आता निबंधाच्या शेवटी प्रत्येक लेखकाने नेमके कोणते काम केले हे नोंदवायला सांगतात. विषय कोणी मांडला, प्रयोग कोणी केले, साधने कोणी पुरवली, देखरेख कोणाची होती, हे त्यातून कळते. १९४८ मध्ये अशी नोंद असती, तर त्या जून महिन्यातच वाचकांना पर्ल रिव्हरचा पत्ता आणि तेथील संशोधन संचालकाचे योगदान दोन्ही समजले असते.

सुब्बाराव यांची आठवण अगदीच पुसली गेली असे नाही. अमेरिकेत एका बुरशीच्या प्रजातीला सुब्बारोमायसीस हे नाव देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्यावर तिकीट काढले. त्यांच्या कामाची रोजची खूण मात्र औषधांच्या चिठ्ठीत आहे. संधिवाताच्या अनेक रुग्णांना डॉक्टर आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची अल्प मात्रा देतात आणि तिचे दुष्परिणाम कमी करण्यासाठी दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिडची गोळी घ्यायला सांगतात. खरा घटक आणि त्याचा तोतया, दोन्ही एकाच चिठ्ठीवर असतात. दोन्ही १९४० च्या दशकात पर्ल रिव्हरच्या प्रयोगशाळेत, भीमावरमच्या त्याच संशोधकाच्या देखरेखीखाली तयार झाले होते.